कडूबाईचा चुकलेला नेम

कडूबाईनं गोफणीनं ड्रोन पाडला, ही गोष्ट येरमाळ्यापासून भूमपर्यंत ज्याच्यात्याच्या तोंडी झाली. हाटेलात, एसटीत, पिठाच्या गिरणीत, जिथं चार माणसं जमली तिथं तीच गोष्ट. सांगणाऱ्यागणिक ड्रोन आणखी उंच जायचा आणि कडूबाईचं वय आणखी वाढायचं. या सगळ्यात एकच माणूस असं होतं, ज्याला पक्कं ठाऊक होतं की यात काही दम नाही. ते माणूस म्हणजे खुद्द कडूबाई.

ड्रोन पडला हे खरं. दगड तिच्याच गोफणीतनं सुटला हेही खरं. पण तिनं तो भिरकावला होता बांधावरच्या लिंबावर, दाणे टिपायला येणाऱ्या भोरड्या पाखरांच्या थव्याला. लिंब उगवतीला आणि ड्रोन मावळतीला. माणसाचा नेम चुकतो, वीतभर चुकतो, हातभर चुकतो. हा अख्खं वावर ओलांडून चुकला होता.

कडूबाई लग्न होऊन आली तेव्हा तिच्या भाकरीला काठ यायचे नाहीत. सासूनं दोन दिवस बघितलं आणि तिसऱ्या दिवशी तिला मचाणावर बसवलं, म्हणाली, चुलीजवळ नको, पाखरं तरी हाकल. नवरा बलभीम जगातल्या सगळ्या कामांना आळशी, पण दोर वळण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्यानं अंबाडीची गोफण वळून दिली. मधे दगड ठेवायला लोकरीचा खोलगट पट्टा, एका टोकाला बोटात अडकवायचा फासा, आणि फाशापाशी उगाच एक जादा गाठ. ती कशाला, विचारलं तर म्हणाला, माझी वळख. पुढं बलभीम गेला, सासू गेली, गोफण राहिली.

त्या गोफणीनं कडूबाईचं नाव केलं. दाणे चोरायला आलेल्या एका गड्याची टोपी तिनं भर दुपारी तीन बांधांवरनं उडवली होती आणि मचाणावरनंच ओरडून सांगितलं होतं, "टोपी घिऊन जा, कणसं ठिवून जा." एसटी हात करून थांबत नसली की बाया तिच्याकडं बघायच्या. ती गाडीच्या मागच्या पत्र्यावर असा हलका खडा वाजवायची की ड्रायव्हरला वाटावं, कंडक्टरनंच घंटी दिली. पण पाखरू तिनं कधी मारलं नाही. पाखराच्या शेजारचं कणीस हलवायची. म्हणायची, राखण म्हंजी हुसकावणं, त्यांनाबी पोट हाय.

मग दोनेक वर्षांपूर्वी उजव्या डोळ्यावर दुधाच्या सायीसारखं काहीतरी धरायला लागलं. कडूबाईनं डावा डोळा वापरायला काढला. थोड्या दिवसांनी डाव्यानंही तीच वाट धरली. आता ती कानावर काम चालवायची. जिकडं कलकल, तिकडं दगड. पाखरं दगडाला भीतच नाहीत, गोफणीच्या फटकाऱ्याला भितात, त्यामुळं कुणाच्या ध्यानात आलं नाही. तिनंही कुणाला सांगितलं नाही. राखणदारणीला दिसत नाही असं कळलं असतं, तर वावराचा मालक शांतलिंगआप्पानं दुसरी बाई बघितली असती. आणि ती दुसरी बाई नागूबाईच असणार होती. नागूबाई म्हणजे कडूबाईची जाऊ. एका बांधावरनं दोघींचं बोलणं तुटलं त्याला इतका काळ झाला होता की बांधाला आता झाडं आली होती.

पौषात शाळूची ज्वारी चिकात आली, दाण्यात दूध भरलं, भोरड्यांचे थवे उतरले, आणि नेमका त्याच दिवसांत भूमचा कृष्णराज वावरात उगवला. घरच्या खव्याच्या भट्ट्या, अंगात कोट, डोक्याला फेटा, डोळ्यांना काळा गॉगल. सोबत होणारी बायको निकिता. तिच्या अंगात असा लांब झगा की त्याचं शेपूट उचलायला मागं दोन बाया लागाव्यात. लग्नाआधीचं शूटिंग होतं. फोटोवाला आरिफ धाराशिवहून ड्रोन घेऊन आला होता. शांतलिंगआप्पानं जागा दिली होती आणि कडूबाईला सांगायची हिंमत झाली नव्हती म्हणून सांगितलं नव्हतं.

ड्रोन वर गेला तशा भोरड्या वावरातनं उठल्या आणि लिंबावर जाऊन कलकलायला लागल्या. कडूबाईला कलकल ऐकू आली. मागं काहीतरी भुंग्यासारखं घोंगावतंय हेही ऐकू आलं, पण हायवे जवळ, तिथं काय ना काय घोंगावतच असतं. तिनं गोफण फिरवली. फासा बोटातनं निसटला की काय झालं कोण जाणे, फटकारा वाजला आणि दगड लिंबाकडं जायचा तो डोक्यावरनं मागं गेला. मागं टिक् असं वाजलं. मग डब्यात भुंगा कोंडल्यासारखा आवाज खाली-खाली आला आणि कृष्णराज ओरडला.

ड्रोन त्याच्या फेट्यावर पडला होता. भुवईला खोक पडली, गॉगलची एक काच गेली. तेवढं त्यानं सोसलंही असतं. पण सगळ्यात आधी निकिता हसली. तिनं तोंडावर हात घेतला, पण त्याच्या आधी हसू सुटून गेलं होतं, आणि ते आरिफच्या दुसऱ्या कॅमेऱ्यात आलं होतं.

"पाडलं," कुणीतरी म्हणालं. "म्हातारीनं इमान पाडलं."

शांतलिंगआप्पा धावत आला. "कडूबाई, काय मारलाव ओ," म्हणाला. आवाजात अर्धं भ्यालेलं होतं आणि अर्धी छाती फुगलेली होती. कडूबाईनं तोंड उघडलं. म्हणणार होती, आप्पा, म्या भोरड्यांना मारला. मग तिला कळलं की हे म्हणलं तर पुढचा प्रश्न कोणता येणार. तिनं तोंड मिटलं.

कृष्णराजनं फिर्याद दिली. ड्रोन मोडला म्हणून नुकसानीचं कलम, हत्यारानं दुखापत केली म्हणून दुसरं कलम. शिक्षा झाली तर तुरुंग, असं हवालदारानं समजावून सांगितलं. समेट करा म्हणून चार माणसं भूमला जाऊन आली, पण लग्नाच्या एकूणएक फोटोत नवरदेवाच्या भुवईला टाके होते, तो कशाला ऐकतो. कडूबाईला नोटीस देऊन घरी सोडलं. गोफण मात्र जप्त झाली. कापडात गुंडाळून, लाख लावून तिच्यावर शिक्का मारताना कडूबाई हवालदाराला म्हणाली, "ओलीला ठिवू नका, पीळ उसवतो."

आणि इथंच गंमत झाली. गोफण गेली तशी कडूबाई सुटली. पुढच्या सुगीला आप्पानं तिलाच राखणीला बोलावलं, ड्रोन पाडणारी राखणदारीण दुसऱ्या कुणाकडं होती? लोक दुसरी गोफण द्यायला आले, तर म्हणाली, "माझी गोफण कोर्टात हाय. दुसऱ्याच्या गोफणीला माझा हात लागत न्हाय." मचाणावर बसून ती तेलाचा रिकामा डबा बडवायची आणि पाखरं उठायची. शांतलिंगआप्पा पाहुण्यांना लांबनं दाखवायचा. "त्या बगा. नुसत्या बसतेत. भोरड्यांनाबी कळलंय."

म्हणजे पंचाईत अशी होती की शिक्षा झाली तर तुरुंग होता. सुटली, तर गोफण परत मिळणार होती आणि सगळ्या शिवारासमोर ती फिरवून दाखवायला लागणार होती.

मुजीब वकिलाचं ऑफिस कळंबला, झेरॉक्सच्या दुकानामागं. मुजीबचा बाप चाँदपाशा बांगड्या घेऊन गावोगाव फिरायचा, आणि कडूबाईच्या मनगटाचं माप त्याला शेवटपर्यंत पाठ होतं. त्या नात्यानं मुजीब तिला मावशी म्हणायचा, आणि फीऐवजी हुरडा घ्यायचा. तारखेच्या आधी शांतलिंगआप्पा तिला घेऊन गेला.

"असं बघा मावशी," मुजीब म्हणाला, "कायद्यात आरोपीला सुटायच्या वाटा लई हाईत. एकेक सांगतो. तुमच्या मापाची बसंल ती घिऊ."

"बांगड्यावानी," कडूबाई म्हणाली.

"व्हय, तसंच. पयली वाट. सात वर्षांच्या आतल्या लेकराच्या हातनं झालं तर त्यो गुन्हाच धरत न्हायत."

कडूबाईनं डोईवरचा पदर सारखा केला. "ते आता जमायचं न्हाय."

"न्हाय, म्या क्रमानं चाललाव. दुसरी, नशा. कुणी तुम्हाला जबरदस्तीनं दारू पाजली हुती का?"

"मला? कुणाच्या बापाची हिंमत हाय?"

"बरं. आपणहून पिलेली चालत न्हाय, म्हणून इचारलं. तिसरी, येडेपण. आपण काय करायलाव ते कळतच नव्हतं. वाट चांगली हाय, पण डॉक्टरचा कागद लागतो आन् गावातली चार माणसं लागतेत, तुम्ही पयल्यापासनं येड्या हाव म्हणणारी."

"नागूबाई एकटी चाळीस आणंल. पण येड्या बाईला वावर कोण राखायला दील?"

शांतलिंगआप्पा म्हणाला, "म्या दिलं असतं." मग विचार करून म्हणाला, "न्हाय, म्या बी न्हाय."

मुजीबनं करंगळीशेजारचं बोट धरलं. "चौथी. बचावाचा हक. आपल्या राखणीतल्या मालाची कुणी नासधूस करायला लागलं, तर आडवायपुरता हात उचलता येतो. तुम्ही राखणदार. ही माणसं न इचारता वावरात घुसली, जोंधळा तुडवला, तुम्ही आडवलं. फिट्ट बसतंय."

आप्पानं घसा खाकरला. "इचारलं हुतं त्यांनी."

"कुणाला?"

"मला. व्हिडिओच्या सुरवातीला माझं नाव टाकतो म्हणले."

"टाकलं का?"

"कुठलं. त्यात आता नवरदेव पडतो तेवढंच ठिवलंय."

मुजीबनं ते बोट मिटवलं. "पाचवी वाट, गैरसमज. मनापासनं झालेला. तुम्हाला वाटलं ती घार हाय, कोंबड्याबिंबड्यावर पडंल, म्हणून तुम्ही..."

"म्या घार वळखत न्हाय?" कडूबाई उठूनच उभी राहिली. "घार कधी घोंगावती का? शेंबडं पोरगं सांगंल. जिंदगी पाखरं हाकलण्यात गेली आन् कडूबाईला घार कळंना, असं कोर्टात बोलायचं? त्यापरीस डांबा मला."

"बसा. ऱ्हायली सहावी." मुजीब दमला होता. "अपघात. करायला गेलो एक आन् झालं एक. मारला भोरड्यांना, नेम चुकला, लागला ड्रोनला."

झेरॉक्सचं मशीन पलीकडं खटक-खटक करत होतं. शांतलिंगआप्पा हसायला लागला, तो थांबेचना. "वकीलसाहेब, कायबी काय बोलायलाव. कडूबाईचा नेम चुकला म्हणलं तर कोर्टातला पंखाबी हसंल."

कडूबाईनं आप्पाला चहा सांगायला धाडलं. दार लोटलं. खुर्ची ओढून मुजीबच्या जवळ बसली.

"मुजीब, लेकरा. तुज्या बापानं माझ्या हातात बांगड्या चढवल्यात. तुला खोटं सांगायची न्हाय. म्या भोरड्यांनाच मारला हुता. नेम चुकला. मला दिसत न्हाय. दोनी डोळ्यांत मोतीबिंदू हाय."

मुजीब तिच्याकडं बघत राहिला. बघता बघता त्याच्या चेहऱ्यावर उजेड पसरला. "मावशी," तो म्हणाला, "वा."

"वा काय?"

"आसंच बोलायचं. हाच आवाज. बापाचं नाव काढलं तवा माझ्याच डोळ्यांत पाणी आलं."

"आरं, खरं सांगायले."

"हां, हेबी. 'खरं सांगायले' हे मधे एकदा टाकायचं. दोनदा नको." त्यानं कागद ओढला. "फक्त ते मोतीबिंदूचं गाळा. म्हणलं की सरकारी वकील तुम्हाला डॉक्टरकडं धाडणार, डॉक्टर म्हणणार डोळं काचंवानी हाईत, आन् सगळी केस पाण्यात."

"डॉक्टर तसं म्हणायचा न्हाय."

"मावशी, वकील म्या हाय का तुम्ही?"

डोळे गेल्यापासनं पहिल्यांदा कडूबाई खरं बोलली होती, आणि खोटं चांगलं बोलते म्हणून मुजीबनं तिची पाठ थोपटली होती.

तारखेला अर्धं गाव कोर्टात आलं. बाकं पुरली नाहीत. न्यायाधीश बाई लांबच्या कुठल्यातरी जिल्ह्यातल्या, वयानं लहान, चष्म्याआडनं शांत बघणाऱ्या. पहिल्यांदा आरिफनं साक्ष दिली, आणि ड्रोनमधलं चित्र पडद्यावर लावलं. आधी जोंधळा आला. मग कृष्णराज आणि निकिता एकमेकांकडं धावत आले, मागं गाणं. मग कोपऱ्यात एक काळा ठिपका आला, तो भाकरीएवढा झाला, आणि पुढं नुसतं आभाळ आणि जमीन, जमीन आणि आभाळ, गरगर. शेवटी फेटा. मागच्या बाकावर कुणीतरी टाळी वाजवली. बाईंनी मान वर केली.

"पुन्हा असं झालं तर कोर्टाचा अवमान समजून कारवाई करीन."

"आवमान म्हंजी?" कडूबाईनं मुजीबच्या कानाशी विचारलं.

"कोर्ट जे म्हणलं त्याच्या उलटं चालायचं न्हाय. चाललं तर आत."

मग शांतलिंगआप्पा. सरकारी वकिलांनी विचारलं, आरोपीचा नेम कसा आहे? आप्पानं कठड्याला दोन्ही हातांनी धरलं आणि टोपीवाला चोर सांगितला, एसटीचा पत्रा सांगितला, आणि आणखी दोन गोष्टी अशा सांगितल्या की ज्या कडूबाईलाही नवीन होत्या. प्रत्येक गोष्टीनिशी सरकारी वकील खुलत गेले आणि मुजीब खुर्चीत खाली सरकत गेला.

उलटतपासणीला तो उठला. "दगड सुटला तवा आरोपीचं तोंड कुठं हुतं?"

"उगवतीला. लिंबाकडं."

"आन् ड्रोन?"

"मावळतीला."

मुजीब कोर्टाकडं वळला. "म्हणजे ड्रोनकडं आरोपीची पाठ होती, हे साक्षीदार स्वतः सांगतो आहे."

"म्हंजी तर काय," आप्पा कोर्टालाच समजावून सांगायला लागला. "पाठ करून पाडलं, बाईसाहेब. तोंड करून कुणीबी पाडंल."

मुजीबची शेवटची आशा नागूबाईवर होती. ती शेजारच्या वावरात होती म्हणून सरकारनं तिला साक्षीला घेतलं होतं. मुजीबला वाटलं, जगात कडूबाईच्या नेमाला नावं ठेवणारं कुणी असेल तर हीच. नागूबाईनं नवं लुगडं नेसून शपथ घेतली आणि पिंजऱ्यातनं जावेकडं असं बघितलं की या दिवसासाठीच ती जगली होती.

"तुमचं आणि आरोपीचं पटत नाही?" मुजीबनं विचारलं.

"न्हाय पटत. तोंडाची फाटकी हाय. बांध कोरती. माझ्या शेळीला लंगडी म्हणती."

"तिच्याबद्दल लोक सांगतात ते सगळं खरं आहे असं तुम्हाला वाटतं?"

"एकबी न्हाय."

मुजीबचा आवाज मऊ झाला. "मग तिचा नेमही चुकतो ना?"

नागूबाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"शपत घेतलीया म्या," ती कष्टानं म्हणाली. "तोंड तिचं वाईट. नेम... नेम तिचाच."

"एकदाही चुकला नाही?"

"एकदा चुकला. मला मारला हुता, बांधावरनं."

मुजीब उडालाच. "बघा. चुकला."

"मला न्हाय लागला. माझ्या कानातला डूल तेवढा गेला." नागूबाईनं कानाची पाळी कोर्टाला दाखवली. "ती म्हणली, डूलच पायजे हुता."

मुजीब खाली बसला. कडूबाई मान खाली घालून होती. तो दगड तिला चांगला आठवत होता. तेव्हा डोळे धड होते, आणि डूलच पाहिजे होता. पण नागूबाई हे भर कोर्टात कबूल करेल असं तिला या जन्मात वाटलं नव्हतं.

मग बाईंनी शिक्का फोडून गोफण टेबलावर ठेवायला सांगितली. "आजी, पुढं या. ही तुमचीच का?"

कडूबाई पुढं गेली. टेबल पांढुरकं होतं आणि त्याच्यावर कुठंतरी काळसर काहीतरी होतं. तिनं हात घातला तो कागदांवर पडला. सरकवला, शाईच्या बाटलीला लागला. मग अंबाडी बोटांना भेटली. तिनं फासा चाचपला, त्याच्यापाशी ती जादा गाठ होती. बलभीमची ओळख.

"व्हय, माझीच," ती म्हणाली. "जरा ओलीला ठिवलीया यांनी."

मान वर केली तेव्हा न्यायाधीश बाई तिच्या हाताकडं बघत होत्या, असं तिला नुसतं जाणवलं.

"या सगळ्यावर तुम्हाला काय सांगायचंय?"

मागं आप्पा होता, नागूबाई होती, अर्धं गाव होतं. कडूबाईनं गोफण सोडली नाही. तुरुंगात मचाण नसतं, तिला वाटलं. खोटी शान घेऊन तिथं जायचं आणि खरी गोफण इथं ओलीला ठेवायची, हा काही धंदा नव्हे.

"म्या भोरड्यांना मारला, बाई," ती म्हणाली. "माझा नेम चुकला."

मग मागून शांतलिंगआप्पाचा दबका आवाज आला, शेजारच्याला सांगत होता, "काय बोलली. बघ की. एका वाक्यात केस फिरवली. वकिलाला जमलं न्हाय ते." आणि ती कुजबुज बाकाबाकावरनं मागं गेली, आणि कडूबाईला कळलं की तिनं नाव घालवायला तोंड उघडलं होतं आणि नाव दुपटीनं वाढलं होतं. नागूबाई तेवढी जावेच्या हाताकडं बघत होती.

निकाल लागला. बाईंनी तो मराठीत वाचून दाखवला. आरोपीनं ड्रोनवर किंवा फिर्यादीवर मुद्दाम नेम धरला हे निःसंशय शाबित झालेलं नाही. पाखरं हाकलणं हे राखणदाराचं रोजचं कायदेशीर काम. ते करताना आरोपीचा नेम चुकून अपघात झाला असण्याची शक्यता नाकारता येत नाही. सबब निर्दोष. गोफण परत करावी. कृष्णराज भुवई चोळत निघून गेला. निकिता त्याच्या मागनं जाताना कडूबाईच्या पाया पडून गेली, का ते कुणाला कळलं नाही.

उठता उठता बाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "आजी, डोळे दाखवून घ्या."

मुजीबनं कौतुकानं कपाळावर हात मारून घेतला. "काय ॲक्टिंग केली मावशी तुम्ही. चाचपून-चाचपून. त्यांनाबी वाटलं, खरंच दिसत न्हाय."

गोफण हातात मिळाली त्या दिवशी कोर्टाच्या आवारात माणसं थांबली होती. शांतलिंगआप्पानं खिशातनं गुळगुळीत दगड काढला. वावरातनं निवडून आणला होता. "घ्या. त्या पाण्याच्या टाकीवरच्या कावळ्याला. मारू नका, शेपटाला लावा नुसता."

कडूबाईनं दगड हातात घेतला. टाकी दिसत नव्हती, कावळा तर लांबच राहिला. माणसं गोल करून उभी होती. तिनं दगड जोखला, पट्ट्यात ठेवला, आणि पुन्हा काढला.

"मुजीब," ती म्हणाली, "कोर्ट काय म्हणलं? मोठ्यानं सांग जरा."

"निर्दोष म्हणलं."

"त्याच्या आदी."

"तुमचा नेम चुकलेला असू शकतो म्हणलं."

"आन् कोर्ट म्हणलं त्याच्या उलटं चाललं तर?"

"अवमान," तो म्हणाला.

"मग कसं मारू, आप्पा?" कडूबाईनं दगड शांतलिंगआप्पाच्या तळहातावर ठेवला. "म्या मारणार, त्यो लागणार, आन् सरकारी वकील त्या खिडकीतनं बगणार. म्हणंल, बाईचा नेम तर चुकतच न्हाय. निकाल खोटा पडंल. एवढ्या चांगल्या बाईंचा निकाल म्या खोटा पाडू? बेअदबी हाय ती."

माणसं एकमेकांकडं बघायला लागली. शांतलिंगआप्पानं दगडाकडं बघितलं, मग कोर्टाच्या पाटीकडं बघितलं. "म्हंजी कधीच मारायचा न्हाय?"

"वरच्या कोर्टानं सांगितलं तर मारीन."

"बरुबर हाय तिचं," मागनं नागूबाई म्हणाली. "शिक्क्याचं हाय ते." बांधाच्या भांडणानंतर जावेची बाजू घेतलेली ही तिची पहिली वेळ होती, आणि तिलाच ते आवडलं नसावं, कारण लगेच म्हणाली, "बांध तेवढा कोरती."

शांतलिंगआप्पानं दगड परत खिशात घातला. पुढं कित्येक दिवस तो पाहुण्यांना दाखवायचा, कोर्टानं ज्यांना दगड मारायला बंदी केलीय त्या या.

ज्वारी पुन्हा चिकात आली तेव्हा कडूबाई मचाणावर होती. डबा बडवून हात दुखले. आजूबाजूला कुणाची चाहूल नव्हती. लिंबावर भोरड्यांनी बाजार भरवला होता. तिनं गोफण काढली, फासा बोटात घातला, गाठ चाचपली, पट्ट्यात दगड ठेवला आणि कलकलीच्या दिशेनं भिरकावून दिला. फटकारा वाजला. दगड कुठं गेला ते तिला दिसलं नाही. भोरड्या मात्र एकगठ्ठा उठल्या.

आणि शेजारच्या वावरात, लिंबापासनं बरंच लांब, पितळेच्या हंड्याचा टण्ण असा आवाज झाला.

मग जोंधळ्यातनं नागूबाईचा आवाज आला.

"कडे, चुकला का मारलास गं?"

कडूबाईनं गोफण गुंडाळून कमरेला खोचली.

"कोर्टाला इचार," ती म्हणाली.